वाचकांचे प्रश्न : बोटॉक्सनंतर उतरलेली पापणी

प्रश्न : माझे वय 46 वर्षे आहे. दोन्ही भुवयांच्या मधल्या उभ्या आठ्या घालवण्यासाठी मी बारा दिवसांपूर्वी बोटॉक्सची इंजेक्शने घेतली. पहिले पाच दिवस काहीच जाणवले नाही; सहाव्या दिवशी सकाळी आरशात पाहिले तर उजवी पापणी खाली आलेली दिसली. आता वाचताना हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागते आणि संध्याकाळपर्यंत उजव्या भुवईवरचे कपाळ दुखू लागते. ज्यांनी इंजेक्शने दिली ते "आपोआप जाईल" एवढेच सांगतात. ही पापणी कायमची अशीच राहणार का? यावर उताऱ्याचे औषध किंवा शस्त्रक्रिया आहे का?

उत्तर : कायमची राहणार नाही, हे सर्वांत आधी सांगतो. भुवयांमधल्या आठ्यांसाठी दिलेल्या औषधाचा थोडासा अंश डोळ्याच्या खोबणीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्यातून आत झिरपला आणि वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचला, तर तो स्नायू काही काळ दुबळा पडतो. बोटॉक्समधले बोट्युलिनम हे द्रव्य स्नायूला मारत नाही. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूकडे जाणारा ॲसिटिलकोलीन या रसायनाचा निरोप ते अडवते. हा अडथळा पूर्ण व्हायला काही दिवस लागतात, म्हणूनच तुमची पापणी इंजेक्शनच्या दिवशी न उतरता सहाव्या दिवशी उतरली. पुढे मज्जातंतूची टोके पुन्हा काम करू लागतात आणि पापणी हळूहळू वर येते. पापणीपर्यंत पोहोचलेली मात्रा अगदी अल्प असल्यामुळे आठ्यांवरचा परिणाम तीन-चार महिने टिकला, तरी पापणी बहुधा दोन ते सहा आठवड्यांत सावरते. क्वचित याहून अधिक काळ लागतो. आठ्यांसाठी या औषधाला अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळाली, त्याआधीच्या चाचण्यांतही सुमारे 3 टक्के लोकांची पापणी अशी उतरली होती.

तुमच्या पत्रातले कपाळ दुखण्याचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. पापणी वर जात नाही असे दिसले की कपाळाचा स्नायू भुवई ओढून तिला मदत करू पाहतो, आणि दिवसभर ओढून तो थकतो. म्हणजे तुमच्या कपाळाचा स्नायू शाबूत आहे आणि दोष पापणीतच असावा. हा फरक करावा लागतो, कारण काही जणांची पापणी ठीक असते, पण कपाळात दिलेल्या औषधाने भुवईच खाली येते आणि वरची सैल त्वचा पापणीवर लोंबते. घरी आरशासमोर बसून समोर पाहा आणि भुवई बोटाने अलगद वर धरा. त्याने डोळा पूर्वीसारखा उघडला, तर दोष भुवईकडे आहे. त्वचा वर गेली तरी पापण्यांच्या केसांची रेघ बाहुलीवरच रेंगाळत राहिली, तर पापणीचा स्नायू दुबळा आहे. इंजेक्शनपूर्वीचा, समोरून काढलेला एखादा फोटोही शोधून ठेवा. पापणी आधीपासूनच किंचित खाली होती आणि कपाळ तिला सावरत होते, असे अशा फोटोंतून अनेकदा उघड होते.

आता औषधाविषयी. अडलेला निरोप लगेच मोकळा करणारा उतारा उपलब्ध नाही. बोट्युलिनमच्या विषबाधेत देतात ते प्रतिविष मज्जातंतूत शिरलेल्या द्रव्यावर चालत नाही आणि या तक्रारीत त्याचे काम नाही. मात्र वरच्या पापणीत म्युलर या नावाने ओळखला जाणारा आणखी एक छोटा स्नायू असतो, त्याला वेगळ्या मज्जातंतूंकडून चालना मिळते आणि बोटॉक्सने तो बाधित झालेला नसतो. ॲप्राक्लोनिडिन हे मूळचे काचबिंदूत वापरले जाणारे औषध 0.5 टक्के तीव्रतेच्या थेंबांच्या रूपात या स्नायूला आकसायला लावते आणि पापणी एक-दोन मिलिमीटर वर येते. ही वाढ काही तासांचीच असते, पण पापणी बाहुलीच्या काठावर असेल तर तेवढ्यानेही वाचणे शक्य होते. 0.1 टक्के ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांना अमेरिकेत 2020 साली प्रौढांतील उतरलेल्या पापणीसाठी मान्यता मिळाली असून ते दिवसातून एकदा घालतात. याच नावाचे औषध चोंदलेल्या नाकासाठीही मिळते; ते डोळ्यात कदापि घालू नका. थेंबांनी डोळा लाल होणे, कोरडा पडणे, ॲलर्जी होणे असे त्रास होऊ शकतात, आणि अरुंद कोनाचा काचबिंदू, हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी नेत्रतज्ज्ञांना ते सांगितल्याशिवाय थेंब वापरू नयेत. बरे होण्याचा काळ थेंबांनी कमी होत नाही. तोपर्यंतचे दिवस मात्र सुसह्य होतात.

शस्त्रक्रियेचा विचार मनातून काढून टाका. महिन्या-दीड महिन्यात सावरणाऱ्या पापणीवर आज टाके घातले, तर स्नायू पूर्ववत झाल्यावर ती गरजेपेक्षा वर राहील आणि डोळा नीट मिटणार नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून घाईने आणखी इंजेक्शने घेण्याचा मोहही टाळा. पापणी चोळणे, कंपन देणे किंवा शेकणे यांनी ती लवकर बरी होते, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. दृष्टी फारच अडत असेल, तर काचेच्या आतल्या बाजूला पापणीला आधार देणारी तार बसवलेला चष्मा मिळतो. बाहुली झाकलेली असेपर्यंत वाहन चालवू नका.

"आपोआप जाईल" हे बहुतेकदा खरे असले, तरी डोळे न तपासता ते सांगणे मला पटत नाही. इंजेक्शननंतर पापणी पडली म्हणजे ती इंजेक्शननेच पडली, असे गृहीत धरता येत नाही. एकाची दोन दिसणे, दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या असणे, अचानक तीव्र डोकेदुखी, गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेली, कधी एक बाजू तर कधी दुसरी, असे होत असेल तर मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची तपासणी करावी लागते. हा आजार असणाऱ्यांना बोटॉक्स अधिक धोक्याचे असते. तुमच्या पत्रात असे काही नाही, तरीही नेत्रतज्ज्ञांकडून एकदा डोळे तपासून घ्या.

प्रश्न : मागच्या वर्षी मलाही असाच त्रास झाला होता आणि पापणी पाच आठवड्यांत पूर्ववत झाली. पुन्हा इंजेक्शने घेतली तर पुन्हा तसेच होईल का?

उत्तर : होईलच असे नाही. मागच्या वेळी कोणते औषध, किती युनिट आणि नेमके कोठे दिले याची लेखी नोंद त्या दवाखान्यातून मागून घ्या, ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि पुढच्या डॉक्टरांना ती दाखवून मागचा प्रसंग स्पष्ट सांगा. भुवईखालच्या हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर, थोड्या द्रवात आणि सुई डोळ्याच्या दिशेला न रोखता इंजेक्शन दिले, तर औषध आत झिरपण्याची शक्यता कमी होते. पापणी मुळातच उतरलेली आहे का, हेही त्यांनी आधी मोजून पाहावे. दोन खेपांमध्ये किमान तीन महिने जाऊ द्या आणि इंजेक्शननंतर त्या दिवशी ती जागा चोळू नका.