दोघांच्या नावावरचा फ्लॅट, सहा वर्षांची मुलगी आणि संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा

तुमच्या बहिणीकडे पतीच्या वकिलांनी पाठवलेल्या मसुद्यातील तीन अटी तुम्ही दिल्या आहेत. मुलगी आईकडे राहील व वडील तिला ‘सोयीनुसार’ भेटतील. पुण्याचा दोघांच्या नावावरचा, कर्ज न फिटलेला फ्लॅट पतीकडे राहील. आणि पत्नी स्वतःसाठी वा मुलीसाठी कधीही पोटगी मागणार नाही. बहीण दीड वर्षापासून साताऱ्यास माहेरी आहे, तिला हे प्रकरण लवकर मिटवायचे आहे, तेव्हा तिने सही करावी का, असे तुम्ही विचारले आहे. या स्वरूपात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी घाईविषयी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब नुसार एक वर्ष वेगळे राहिल्यानंतर दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो आणि त्यानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा संमती नोंदवायची असते. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितले. मात्र त्यासाठी अर्जापूर्वीच दीड वर्षाचा विभक्तवास झालेला असावा, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सर्व प्रश्न खऱ्या अर्थाने मिटलेले असावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे मसुदा नीट करून घेण्यात जाणारे दोन-तीन आठवडे वाया जात नाहीत, उलट माफीचा अर्ज त्यामुळे भक्कम होतो.

मुलीच्या पोटगीची अट सर्वांत आक्षेपार्ह आहे. बहीण नोकरी करते की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. स्वतःच्या पोटगीविषयी तिने आपली परिस्थिती पाहून ठरवावे. मुलीचा हक्क मात्र मुलीचा आहे, आणि तो आईने सोडून दिला तरी सुटत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर तिची जबाबदारी वडिलांवरही राहते. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयीचे आदेश न्यायालय घटस्फोटानंतरही बदलू शकते. मग अशी अट लिहून घेतातच कशाला? कारण ती वाचून पुढे अर्ज करण्याचे धाडसच होत नाही. त्याऐवजी दरमहा रक्कम, दरवर्षीची वाढ, शाळेचे शुल्क आणि वैद्यकीय विमा यांचे स्वतंत्र परिच्छेद असावेत. रक्कम ठरवण्यापूर्वी दोघांनी मालमत्ता व देण्यांची प्रतिज्ञापत्रे एकमेकांना द्यावीत. पोटगीच्या वादांत ती २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालापासून सक्तीची झाली आहेत, आणि संमतीच्या प्रकरणातही ती मागून घेण्यात संकोच करू नये.

‘सोयीनुसार’ हा शब्द मसुद्यातून काढून टाका. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना मी पाहत आलो आहे की हुकूमनाम्यानंतरच्या दरखास्ती, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशाच्या अंमलबजावणीसाठीचे अर्ज, बहुतेक याच प्रकारच्या शब्दांतून जन्माला येतात, कारण सोय कोणाची, हे कोणीच लिहिलेले नसते. कोणता शनिवार, किती ते किती, पुणे की सातारा, मुलीला नेणार-आणणार कोण, दिवाळी व मे महिन्याची सुटी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, हे सर्व कागदावर हवे. वडिलांना भेट नाकारण्याचा विचार घरात चालू असेल, तर तोही सोडा. मुलीला दोघांचाही सहवास मिळाला पाहिजे, अशीच न्यायालयांची भूमिका असते. आणखी एक बारीक पण त्रासदायक बाब अशी की ताबा आईकडे आला तरी १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या शब्दांत नैसर्गिक पालक म्हणून वडिलांचे नाव आधी येते. म्हणून शाळा, बँक व पासपोर्ट यांच्या कागदांवर आई एकटी सही करू शकेल आणि लागेल तेथे वडील लेखी संमती देतील, हे अटींतच नमूद करावे.

आता फ्लॅट. लग्नानंतरची मालमत्ता निम्मी-निम्मी होते, असे तुमच्या मामांनी सांगितले ते महाराष्ट्रात लागू नाही. तशी सामाईक मालमत्तेची पद्धत गोव्यात, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आहे. आपल्याकडे मालकी खरेदीच्या कागदावरून ठरते. करारात हिस्से लिहिलेले नसतील, तर साधारणपणे ते समान धरले जातात; परंतु हप्ते आपणच भरले, असा वाद पती घालू शकतो, म्हणून सुरुवातीच्या रकमेत बहिणीचे किंवा तुमच्या वडिलांचे पैसे गेले असल्यास बँकेचे उतारे काढून ठेवा.

मालकीपेक्षा मोठा धोका कर्जाचा आहे. बहीण सहकर्जदार असेल, तर ‘पुढील हप्ते पती भरेल’ हे वाक्य बँकेवर बंधनकारक नाही. हप्ते थकले तर वसुलीची नोटीस तिलाही येईल आणि तिचे स्वतःचे कर्ज अडेल. तेव्हा क्रम असा लावून घ्या: पतीने कर्ज एकट्याच्या नावावर वळवावे किंवा फेडावे, बँकेने बहिणीला मुक्त केल्याचे लेखी द्यावे, तिच्या हिश्श्याची रक्कम धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) मिळावी आणि त्याच वेळी दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा. पती-पत्नीमधील विनामोबदला बक्षीसपत्रावर राहत्या घरासाठी मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे, ती घटस्फोटानंतर मिळत नाही. पण ती पुढे करून कोणी हिस्सा फुकट लिहून मागत असेल, तर तो सल्ला पतीच्या सोयीचा समजावा. मोबदला घेतला की शुल्क नेहमीच्या दराने लागते. ते कोणी भरायचे, तेही लिहा.

स्त्रीधनाची यादी वजनासह जोडावी आणि दागिने हातात आल्यावरच पोच द्यावी.

मुलीचा ताबा हवा असेल तर घर सोड, अशी अदलाबदल मसुद्यात उघड लिहिलेली नसली तरी ती दिसते आहे. मुलगी सध्या आईकडे स्थिरावली आहे आणि तिचे हित हाच ताब्याचा निकष आहे, त्यामुळे बहिणीने त्या भीतीपोटी घराचा हिस्सा सोडण्याचे कारण नाही. सही झालीच, तरी हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात म्हटले आहे. परंतु दरम्यान पैसे घेतले असतील, तर माघार अवघड होते. म्हणून दुरुस्त केलेला मसुदा तुमच्या स्वतःच्या वकिलांकडून लेखी पाठवा आणि कर्जाचे मंजुरीपत्र व खरेदी-कराराची सूची दोन (इंडेक्स-२, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा) त्यांच्यासमोर ठेवा.