४७-१० हा विक्रम नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर मराठीत लिहिताना, प्रशिक्षकांना त्यांच्या 'पोस्टसीझन टूर्नामेंट विनिंग रेकॉर्ड'नुसार लावलेल्या यादीला 'हंगामोत्तर स्पर्धा विजयी विक्रमानुसार प्रशिक्षकांचे मानांकन' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. आधी सगळ्यात जास्त घोळ घालणारा शब्द घेऊ: विक्रम.

इंग्रजीतला 'रेकॉर्ड' फार कामं करतो. दप्तरातली नोंद, गाण्याची तबकडी, आजवरची सर्वोच्च कामगिरी आणि जय-पराजयाचा हिशेब, सगळ्यांना तो एकच शब्द. मराठीत ही कामं वाटून दिलेली आहेत आणि 'विक्रम'च्या वाट्याला त्यातलं एकच आलं आहे. आधी कुणी केलं नाही ते केलं, तर विक्रम. यूसीएलए विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यातली सात १९६७ ते १९७३ सलग. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचा संघ ओळीने ३८ सामने जिंकला. हे विक्रम. पण याच स्पर्धेतले त्यांचे ४७ विजय आणि १० पराभव ही त्यांची 'कामगिरी' आहे. 'वुडन यांचा विक्रम ४७-१०' असं वाचून मराठी वाचक थबकेल, कारण दहा वेळा हरण्यात कसला विक्रम? पहिल्या फेरीत हरून घरी गेलेल्या प्रशिक्षकाचाही इंग्रजीत ०-१ असा 'रेकॉर्ड' असतो. त्याला विक्रम म्हणणं म्हणजे थट्टाच.

म्हणून 'कामगिरी' किंवा नेमकेपणा हवा असेल तर 'जय-पराजयाची नोंद'. 'विजयी' तर काढूनच टाका. इंग्रजी क्रीडापानांवर 'विनिंग रेकॉर्ड'चा रूढ अर्थ 'हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकलेले' एवढाच असतो, तो 'विजयी'तून येत नाही.

आता 'हंगामोत्तर'. व्याकरणाने शब्द निर्दोष आहे, पण अर्थाने सैल. हंगाम संपल्यावर एकच स्पर्धा असते असं नाही. एनसीएएची स्पर्धा १९३९ साली सुरू झाली, एनआयटी (नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट) ही दुसरी स्पर्धा तिच्याही आधी, १९३८ साली. यादी एनसीएएचीच असेल तर सरळ 'एनसीएए राष्ट्रीय स्पर्धा' लिहा. ती बाद पद्धतीची आहे हेही एकदा सांगून टाका, कारण त्याशिवाय पुढचे आकडे कळत नाहीत. एक सामना हरला की गाशा गुंडाळायचा. म्हणजे प्रशिक्षक एका वर्षी एकदाच हरू शकतो, आणि विजेता असेल तर एकदाही नाही.

जुन्या काळाला मात्र हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. तेव्हा तिसऱ्या क्रमांकासाठीही सामने होत. वुडन यांच्या दहा पराभवांपैकी चार अशाच सामन्यांतले आहेत. १९६२ साली ते उपान्त्य फेरीत सिनसिनाटीकडून हरले आणि मग तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात वेक फॉरेस्टकडून. शिवाय तेव्हा विजेतेपदाला बहुधा चार विजय पुरत, आज ६८ संघांच्या स्पर्धेत सहा तरी लागतात. 'कामगिरी' हा शब्द एवढं सगळं पोटात घेतो.

'विनिंग पर्सेंटेज'ला 'विजयांची टक्केवारी' म्हणा. (नुसतं 'टक्केवारी' शीर्षकात नको. आपल्याकडे तो शब्द कंत्राटं आणि पुढाऱ्यांच्या बातम्यांत भलत्याच अर्थाने स्थिरावला आहे.) अमेरिकन तक्ते तिला पर्सेंटेज म्हणतात आणि लिहितात मात्र .८२५. मराठीत ८२.५ टक्के लिहिणंच बरं.

या टक्केवारीला 'किमान सामने' ही अट लागते, आणि भाषांतरात नेमकी तीच गळते. वुडन यांना १९६२ साली हरवणाऱ्या सिनसिनाटीचे प्रशिक्षक एड जकर. त्यांची या स्पर्धेतली कामगिरी ११-१. लागोपाठ दोन विजेतेपदं आणि १९६३ साली अंतिम सामन्यात जादा वेळेत लोयोला शिकागोकडून हार. म्हणजे जवळजवळ ९२ टक्के, वुडन यांच्याही वर. क्रिकेटमध्ये अँडी गँटोम यांची कसोटी सरासरी ११२ आहे, एकच डाव खेळल्यामुळे. म्हणून काही ते ब्रॅडमनच्या वर बसत नाहीत. जकर यांचे बारा सामने एका डावाइतके क्षुल्लक नाहीत, पण अट न सांगता लावलेली यादी वाचकाला चकवते. उलटी गंमतही होते. चार विजेतेपदं मिळवणारे केंटकीचे अॅडॉल्फ रप ३०-१८ म्हणजे ६२.५ टक्क्यांवर, आणि एकही न मिळवलेले बटलरचे ब्रॅड स्टीव्हन्स १२-५ म्हणजे ७० टक्क्यांच्या वर. मला विचाराल तर विजेतेपदं, एकूण विजय आणि टक्केवारी हे तीन स्तंभ वेगळेच द्यावेत.

उरलं 'मानांकन'. टेनिसच्या बातम्यांमुळे हा शब्द 'सीडिंग'ला पक्का झाला आहे आणि या स्पर्धेत तो त्याच अर्थाने लागणार आहे: चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकन. २०१८ साली सोळाव्या मानांकित यूएमबीसीने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला हरवलं, हे वाक्य कधी ना कधी लिहावं लागेलच. तेव्हा प्रशिक्षकांच्या यादीला 'क्रमवारी' म्हणा. शीर्षक असं होईल: 'एनसीएए स्पर्धेतील कामगिरीनुसार प्रशिक्षकांची क्रमवारी'.

आणि त्या यादीत सर्वाधिक, १०१ विजय मिळवणारे ड्यूकचे माइक येतील. त्यांच्या पोलिश आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून 'क्रझिझेव्स्की' लिहू नका. उच्चार 'शिशेफ्स्की'च्या जवळचा आहे, आणि तिकडचे लोक तर नुसतं 'कोच के' म्हणतात.