जिथे तारा छापला आहे

प्रिय बाय,

तुझं पत्र काल मिळालं. आरोग्याच्या आकडेवारीच्या कार्यशाळेत सगळे भराभर बोलत होते आणि मराठी शाळेतून आलेली, गोव्यातल्या आदिवासी वाड्यावरची अशी आपण एकटीच, असं वाटून तू दोन दिवस तोंड उघडलं नाहीस, हे वाचून जीव कळवळला. पण शेवटी जे लिहिलंस, ‘हे आकडे माझ्यासारखीचं काम नव्हे’, ते मला अजिबात पटलं नाही. म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी दोन आकडे बघ. २००१च्या जनगणनेत अख्ख्या गोव्यात अनुसूचित जमातीची माणसं होती ५६६. २०११मध्ये झाली १,४९,२७५. एवढी माणसं दहा वर्षांत आली कुठून? कुठूनही नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला तो २००३ साली. तुझी आजी २००१मध्येही त्याच घरात राहत होती, त्याच झऱ्याचं पाणी भरत होती. यादीत नव्हती, इतकंच. हे ठाऊक नसलेला माणूस या दोन वर्षांच्या जमातवार तक्त्यांची तुलना करून काहीही निष्कर्ष काढून मोकळा होईल. तू नाही काढणार. संगणक तू सहा महिन्यांत शिकशील. ही जाण मात्र तू घरूनच घेऊन आली आहेस.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घे. त्याची पाचवी फेरी २०१९-२१ची. गोव्यात तेव्हा साधारण दोन हजार महिलांच्या मुलाखती झाल्या. राज्याचं चित्र काढायला त्या पुरतात. पण त्यातून जमातीच्या महिला वेगळ्या काढ, त्यातल्या नुकत्याच बाळंत झालेल्या काढ, त्यातल्या दहावीच्या आत शाळा सुटलेल्या काढ. रकान्यात मूठभर उरतात. अशी मूठ २५ ते ४९ जणींची असेल तर टक्केवारी कंसात छापतात. २५पेक्षा कमी असेल तर छापतच नाहीत, तिथे नुसता तारा असतो. हे बरोबरच आहे. वीस बायकांवरून टक्केवारी सांगू नये. पण तुझ्याबरोबरचे लोक तारा दिसला की पान उलटतात. तू तिथे थांब. इतके बारीक गट न पाडता बघ. दोन फेऱ्यांत तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारला असेल तर त्या एकत्र करता येतील का, ते सांख्यिकीच्या सरांना विचार. तरीही हाती काही लागलं नाही, तर ‘या सर्वेक्षणातून आमच्याबद्दल इतकंच कळतं’ असं स्पष्ट लिही. तेही संशोधनच आहे, आणि वेगळा अभ्यास मागायला त्याहून चांगला आधार नाही.

तक्ते उघडण्याआधी कोरी प्रश्नावली वाच. हे मी प्रत्येकाला सांगते आणि फार थोडे ऐकतात. का सांगते, ते ऐक. २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आला. तो गोचिडीतून होतो, आणि काजूच्या दिवसांत माणसं दिवसभर रानात असतात. त्यानंतरच्या एका हंगामात मी एका आरोग्य केंद्रात बसले होते. तापाने फणफणलेली एक बाई केसपेपर काढायला आली. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली, अंगठ्याची साल निघालेली. खिडकीतून प्रश्न आला, ‘काय करता?’ ती म्हणाली, ‘घरीच असते.’ रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं गेलं. पहाटेपासून ती बागायतीत बिया वेचत होती. पण ते तिला काम वाटत नाही, आणि लिहिणाऱ्याने तिची बोटं पाहिली नाहीत. त्या कागदावरून उद्या व्यवसायाचा तक्ता झाला तर ही बाई रानात गेलेलीच नसेल. ‘गृहिणी’ या शब्दाखाली काय काय दडलेलं असतं ते तुला माहीत आहे. म्हणून तर तू या कामात हवीस.

तसंच जन्माच्या नोंदीचं. वाळपईची बाई बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात बाळंत झाली की जन्म तिथे नोंदला जातो. म्हणून जन्माचा आकडा हाती आला की आधी विचार: हा घराच्या पत्त्यावरचा की दवाखान्याच्या?

सर्वेक्षणाची मूळ फाइल मिळवायला पैसे पडत नाहीत. नोंदणी करायची आणि ती कशासाठी हवी ते लिहायचं. तो अर्ज आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजी आपोआप सुधारतं. आकडेमोडीचं ‘आर’ हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. नमुन्याचे भार, म्हणजे एकेका बाईचं उत्तर किती वजनाचं धरायचं ते आकडे, लावल्याशिवाय मात्र एकही टक्केवारी काढू नकोस. त्या फाइलमध्ये आपला गाव शोधायला जाऊ नकोस. कोणाची ओळख पटू नये म्हणून ठिकाणं मुद्दाम काही किलोमीटर सरकवलेली असतात. आणि तू स्वतः वाड्यावर माहिती गोळा केलीस तर तूही तेवढीच जप. बारा घरांच्या वाड्यात ‘क्षयाचा एक रुग्ण’ असं लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही.

एक गोष्ट रागाने सांगते. तुझ्या वयाची असताना मी एका अभ्यासासाठी दोन पावसाळे घरोघर फिरले. बायका माझ्याशी बोलल्या कारण मी त्यांची भाषा बोलत होते. अहवाल छापून आला तेव्हा त्यात माझं नाव आभारांतसुद्धा नव्हतं, आणि त्या बायकांना काय निघालं ते कोणी कळवलं नाही. आजही त्यातली एखादी बाजारात भेटली की मान खाली जाते. म्हणून काम सुरू होण्याआधीच विचार, लेखकांत माझं नाव असेल का. विचारायला लाजू नकोस. आणि वाड्यावर परत जाऊन काय निघालं ते सांगायचा दिवस आराखड्यातच लिहून टाक.

परीक्षा संपली की ये. पाचव्या फेरीची महिलांची प्रश्नावली छापून आण, फणस पिकलेत तोवर. आणि आईला बरोबर घेऊन ये. कामाबद्दलचे प्रश्न आपण तिलाच विचारू. ती काय उत्तर देते ते मला ऐकायचं आहे.

तुझी,
बाई