आधी तिची नजर ठरव

प्रिय,

तुझ्या शाडूच्या मॉडेलचे फोटो पाहिले. पदराच्या चुण्यांवर हात चांगला बसलाय. भारतमाता उभी, हातात ध्वज, मागे सिंह, चेहरा थेट समोर. पण हे गावच्या गेलेल्या जवानांचं स्मारक आहे ना? मग ही आई त्यांच्याकडे बघतच नाही. तिची नजर आहे उद्घाटनाच्या पाहुण्यांवर!

पंचवीस फूट की तीस, हा वाद समितीला घालू दे. तू आधी तिची नजर ठरव.

उत्तर फ्रान्समधल्या विमीच्या स्मारकाचे फोटो मिळतील तेवढे जमव. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१७ मध्ये, कॅनडाच्या सैन्याच्या चारही डिव्हिजन तिथल्या टेकडीवर पहिल्यांदाच एकत्र लढल्या. चार दिवसांत ३,५९८ माणसं गेली. टेकडी जिंकली होती, तेव्हा शिल्पकार वॉल्टर ऑलवर्डला विजयदेवता उभी करता आली असती. त्याने केली ती शोकाकुल कॅनडा, अंगभर वस्त्र घेतलेली एक तरुण स्त्री. मान खाली, हनुवटी हातावर टेकलेली. तिच्या नजरेच्या रेषेत, बऱ्याच खाली, एक दगडी थडगं आहे आणि त्यावर शिरस्त्राण आणि तलवार. मागचे दोन स्तंभ सत्तावीस मीटर उंच आहेत, तरी बघणाऱ्याचे डोळे तिच्या डोळ्यांमागून त्या थडग्यावरच उतरतात. रचना म्हणतात ती ही. तिची मूर्ती तीस टनांच्या एकाच शिळेतून काढलेली आहे. दगड थेट एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरून, आजच्या क्रोएशियातून आणला. १९२५ ला सुरू झालेलं काम उघडायला १९३६ उजाडलं. तुझ्या समितीला सव्वीस जानेवारीची घाई आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

खालच्या भिंतींवर ११,२८५ नावं आहेत. फ्रान्समध्ये पडलेले, पण ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा लागला नाही असे हे कॅनडाचे सैनिक. आवारात न फुटलेले तोफगोळे अजून जमिनीत आहेत, त्यामुळे तिथलं गवत मशीनने न कापता मेंढ्या चारून आटोक्यात ठेवतात.

तुझे मेंबर रशियातल्या व्होल्गोग्राडच्या टेकडीवरच्या स्मारकाचं उदाहरण देतील. देऊ देत, ते शिल्प मलाही आवडतं. १९६७ सालची येवगेनी वुचेतिचची मातृभूमी, तलवारीच्या टोकापर्यंत पंच्याऐंशी मीटर. तिथेही नजर नीट बघ. पाऊल पुढे आणि तोंड वळलेलं, मागच्यांना हाक मारणारं. शिवाय त्याच टेकडीवर, वर जाणाऱ्या वाटेत, दुसरी एक आई आहे. मेलेल्या जवानाला मांडीवर घेऊन वाकलेली, त्याचा चेहरा झेंड्याने झाकलेला, समोर पाणी. हाक मारणारीपर्यंत पोचायचं तर हिच्याजवळून जावं लागतं. आपल्याकडे नक्कल होते ती फक्त वरच्या तलवारीची.

नुसत्या आकाराच्या हट्टाचं काय होतं तेही ऐकून ठेव. विमीच्या त्याच मूर्तीवरून कॅनडातल्या केप ब्रेटनच्या राष्ट्रीय उद्यानात, समुद्राकडे हात पसरलेली चोवीस मीटरची ‘मदर कॅनडा’ उभी करायचं घाटत होतं. लोक भांडले, पैशांचा मेळ बसेना, आणि २०१६ मध्ये उद्यान खात्याने अंग काढून घेतलं.

सिंह काढ. कुणी नाक मुरडलं तर चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांची १९०५ सालची भारतमाता दाखव: चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि माळ. शस्त्र एकही नाही, तरी तिला कुणी कमी लेखलेलं नाही.

आणि नावं. तुझ्या चित्रात ती चौथऱ्याच्या मागच्या बाजूला आहेत. पुढे आण, आणि उभ्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर घे. जवानाची म्हातारी आई आली तर तिला अक्षरांवरून बोट फिरवता आलं पाहिजे. यादी समितीच्या कागदावरून उतरवू नकोस. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घे आणि मग प्रत्येक घरी जाऊन तपास. एकदा ग्रॅनाइटवर ऱ्हस्वदीर्घ चुकलं की ते तसंच राहतं.

नवीन मॉडेल एक फुटाचंच कर, मान तीन-चार प्रकारे वळवून बघ. फोटो समोरून नकोत, जवान जिथून बघतील तिथून काढ. नावं नेमकी किती आहेत तेही कळव, त्यावर चौथऱ्याची रुंदी ठरेल.

तुझा,
सर