पित्त म्हणून सोडून दिलेलं दुखणं

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या महिन्यात ५६व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेल्या. दोन दिवस पाठ भरून येत होती, मळमळत होतं. पित्त समजून आम्ही लिंबू-सोडा देत राहिलो. हा तर पुरुषांचा आजार ना? मी ५१ वर्षांची आहे, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. फार भीती वाटते.

उत्तर : ताई, लिंबू-सोड्याचा सल मनात ठेवू नका. मी डॉक्टर असून माझ्या आईच्या वेळी हेच केलं. आई पोळ्या लाटता लाटता थांबली आणि ओट्याला टेकून जबडा चोळू लागली. “दाढ ठणकतेय गं,” म्हणाली. मी लवंगेचं तेल लावून दवाखान्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिला दम लागला तेव्हा ईसीजी काढला; ॲटॅक आदल्या दिवशीच येऊन गेला होता. ती वाचली, पण पुढची सहा वर्षं चार पायऱ्या चढली की कठडा धरून उभी राहायची.

‘पुरुषांचा आजार’ हे अर्धंच खरं. एकाच वयाचे स्त्री-पुरुष घेतले तर हृदयविकाराने पुरुष जास्त दगावतात. बायकांना ॲटॅक साधारण सात ते दहा वर्षं उशिरा येतो, पाळी गेल्यावर धोका वाढत जातो. पण ॲटॅक आल्यानंतरचं चित्र वेगळं आहे. अमेरिकेत व्हायोला व्हॅकारिनो यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात, पन्नाशीच्या आतल्या रुग्णांपैकी रुग्णालयातच दगावण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांच्या दुपटीहून जास्त निघालं. मधुमेहासारखे सोबतचे आजार हे एक कारण. दुसरं मला जास्त छळतं : बाई उशिरा पोचते, आणि पोचल्यावरही तिच्या हृदयाचा विचार उशिरा होतो. ही सवय आपल्याकडचीच नाही. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला बायकांसाठी हृदयविकाराची परिषद भरली, ती नवऱ्याचं हृदय कसं सांभाळायचं हे शिकवायला! ॲस्पिरिनने ॲटॅक टळतो का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्याच गाजलेल्या चाचणीत २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष.

छातीत दुखणं बायकांनाही होतंच. पण त्यासोबत, कधी त्याऐवजी, जबडा, पाठ किंवा खांदा दुखतो, मळमळतं, दम लागतो, घाम फुटतो, अंगातलं त्राणच जातं. मग घरात ‘पित्त’ ठरतं आणि बाई कुकर लावायला उठते.

तुम्ही या आठवड्यातच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. अशा बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. मशेरी लावत असाल तर आजपासून बंद. तीही तंबाखूच.

आणि असा त्रास अचानक सुरू झाला, तर सोडा न घेता १०८ला फोन लावा. रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो नॉर्मल आला आणि त्रास थांबला नाही, तर घरी परतू नका. “पुन्हा ईसीजी काढा, ट्रोपोनिन तपासा,” असं स्पष्ट म्हणा. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे दाखवणारी रक्ततपासणी. तुम्हाला बोलता आलं नाही तर हे बोलायचं काम कोणाचं, ते घरात आजच ठरवून ठेवा.