वस्तुमानावरून मोल काढताना भागायचं की गुणायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ग्रॅमचे मोल करताना भागायचं की गुणायचं, आणि सूत्र पाठ असूनही उत्तर का चुकतं. पहिली सोपी आहे. खरी मेख दुसरीत आहे.

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे उदाहरण गुळाचंच. मार्केट यार्डात ३०० किलो गूळ आला. रवे (गुळाच्या ढेपा) ३० किलोचे असतील तर १० भरतील, १० किलोचे असतील तर ३०. एकूण वजन भागिले एका रव्याचं वजन. मोल म्हणजे कणांचा असाच एक ठरावीक गठ्ठा, आणि एका मोलचं ग्रॅममधलं वजन म्हणजे मोलर वस्तुमान. मोलचंही तेच: दिलेलं वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान. मोलवरून ग्रॅम हवे असतील तेव्हा गुणायचं. शंका आली तर एककं मांडून बघा. ग्रॅमला ‘ग्रॅम प्रति मोल’ने भागलं की ग्रॅम उडतात, मोल उरतो. चुकून गुणलंत तर ग्रॅमचा वर्ग येईल.

साखरेच्या रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन, आणि त्यांची अणुवस्तुमानं अनुक्रमे १२, १ आणि १६, म्हणजे १४४ + २२ + १७६ = ३४२. हे साखरेचं मोलर वस्तुमान. म्हणून ३४.२ ग्रॅम साखर म्हणजे ०.१ मोल. गुळाचे मात्र असे मोल काढता येत नाहीत. त्यात सुक्रोजसोबत (म्हणजे साखरेसोबत) ग्लुकोज, फ्रुक्टोज, पाणी, क्षार असं सगळंच असतं. मग भागायचं कशाने?

आता मेख. मुलं भागाकारात फारशी चुकत नाहीत, मोलर वस्तुमान चुकीचं घेतात. प्रयोगशाळेतलं ऑक्झॅलिक ॲसिड घ्या. नुसत्या रेणूचं ९० भरतं, पण बाटलीत सहसा दोन रेणू स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) असलेले स्फटिक असतात: ९० + ३६ = १२६. असे ६.३ ग्रॅम स्फटिक म्हणजे ०.०५ मोल. ९० ने भागलंत तर ०.०७ येतं. मग परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये (थेंब थेंब द्रावण टाकून मोजण्याच्या प्रयोगात) आकडे जुळत नाहीत आणि पोरं बिचाऱ्या ब्युरेटला, म्हणजे द्रावण मोजायच्या नळीला, दोष देत बसतात. म्हणून आधी बाटलीवरचं लेबल वाचा, त्यावर रेणुवस्तुमान छापलेलंच असतं; मोलर वस्तुमानाचा आकडा तोच.

असाच घोळ ऑक्सिजनचा. १६ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे अर्धा मोल, कारण वायूत अणू जोडीने असतात आणि भागायचं ३२ ने. वस्तुमान मिलिग्रॅममध्ये दिलं असेल तर आधी ग्रॅम करून घ्या.

आणि रेणूंची संख्या विचारली नसेल, तर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात या आकड्याला (एका मोलमधल्या कणांच्या संख्येला) हातच लावू नका. निम्मी मुलं तो उगाच मध्ये घुसडतात.