जुनं घर पाडताना एक ओमेर बाजूला ठेवा

वसईच्या गावांत ख्रिस्ती कुटुंबांची जुनी बैठी घरं पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो: "घर पाडायला होकार दिला, म्हणजे वाडवडिलांशी बेइमानी केली का मी?" विचारणारी बहुधा सत्तरी ओलांडलेली आई असते. सोबत मुलगा येतो, त्याच्याकडे वचन तयार असतं. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ४३:१८, मागच्या गोष्टी आठवत बसू नका. देवच सांगतोय, मग आई का अडून बसलीय?

मी त्यालाच त्याआधीची १६ आणि १७ ही वचनं वाचायला लावते. तिथे समुद्रातून वाट काढणाऱ्या देवाची आठवण आहे. जुनं आठवूनच संदेष्टा नव्याकडे वळतो, आणि ४६:९ मध्ये तर पुरातन गोष्टींचं स्मरण करा असं सरळच म्हटलंय. बाबेलच्या बंदिवासातल्या यहुदी लोकांना तो एवढंच सांगत होता, की देवाचं काम मागेच संपलं असं धरून चालू नका. आईला गप्प करायला हे वचन उपयोगाचं नाही.

एका मावशींचं उदाहरण सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, अनेक बैठकांतलं थोडक्यात दिलं आहे.

"मावशी, लहानपणी चर्चमधली मिस्सा कुठल्या भाषेत असायची?"

"लॅटिन. फादर आल्ताराकडे, म्हणजे वेदीकडे, तोंड करून उभे. आम्ही खाली आपली रोझरीची माळ जपायचो."

"मराठी झाली तेव्हा आई काय म्हणाली?"

"चिडली. म्हणे, ही कसली मिस्सा, बाजारातली भाषा! पण पुढच्या रविवारी गेली. मग म्हणायला लागली, फादर काय बोलतात ते आता कळतं."

"आणि लॅटिन सुटलं?"

"छे! घरी लितानीच्या प्रार्थनेला मरेपर्यंत लॅटिनच, 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर."

पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "म्हणजे तिने दोन्ही ठेवलं की."

इथे गाठ सुटली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेची भाषा बदलली, फादर लोकांकडे वळले. आज हट्टी ठरवल्या जाणाऱ्या या बायकांनी तो बदल ऐन तरुणपणी पचवला आहे. बदलाला घाबरलेल्या माणसाकडे आधीच्या एखाद्या बदलाचा अनुभव बहुतेक वेळा असतोच, तो शोधून त्याच्या हाती द्यायचा. 'विसरा आता' असा सल्ला मी देत नाही. गेलेल्याशी नातं तुटत नाही, त्याला नवी जागा लागते.

ती जागा केवढी, हे बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १६व्या अध्यायात सापडतं. रानात देवाने लोकांना मान्ना हे अन्न दिलं; त्यांनी सकाळपर्यंत साठवलेल्या मान्न्यात किडे पडले. मात्र एक ओमेर, म्हणजे साधारण दोन लिटर, पुढच्या पिढ्यांना दाखवायला जपून ठेवा, अशी आज्ञा त्याच अध्यायात आहे.

म्हणून घर रिकामं करायच्या किमान तीन महिने आधी सुरुवात करा. खोलीगणिक एक वस्तू, हाच तुमचा ओमेर, आणि ती आईनेच निवडायची. सुनेला पाटा जड वाटला तरी वाद घालू नये. निवडून झाल्यावर आईला खोल्याखोल्यांतून फिरवत बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करा, खोलीमागे दहा मिनिटं पुरतात. सगळंच सामान फ्लॅटमध्ये नेलं तर त्याचा माळा होतो आणि सहा महिन्यांत भांडणं सुरू होतात. त्याहून वाईट म्हणजे आई लेकीकडे गेली असताना मुलांनी घर उरकून टाकणं. मग ती वर्षानुवर्षं एखादा डबा शोधत राहते.

मोडका क्रूस, फुटलेली मूर्ती भंगारात जाता कामा नये. आशीर्वादित वस्तू जाळतात किंवा जमिनीत पुरतात, फादरांना विचारून करा. घरच्या आल्तारामागे खोचलेल्या, झावळ्यांच्या रविवारच्या वाळक्या झावळ्या राखेच्या बुधवारापूर्वी चर्चमध्ये द्या. आदल्या वर्षीच्या झावळ्यांचीच राख त्या दिवशी कपाळाला लागते. शेवटच्या संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून जुन्या घरात रोझरी म्हणा. नव्या जागी पहिल्याच दिवशी आल्तार मांडा, टीव्ही नंतर.

मुलांसाठी बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय. बंदिवासातून परतल्यावर यरुशलेममध्ये नव्या मंदिराचा पाया पडला तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले, बाकीचे जयघोष करत होते. रडणं कुठलं, जयघोष कुठला, हे ओळखू येईना. तेव्हा पायाभरणीला आईच्या डोळ्यांत पाणी आलं तर "अगं, दोन बेडरूम जास्त मिळताहेत" असं समजावू नका. झोप किंवा जेवण मात्र दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, तर रोझरीबरोबर डॉक्टरही हवा.